गाडी विका, नंबर सोडू नका: नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन

गाडी विकायला काढलीत? मग आधी तिच्या मागे जाऊन उभे राहा आणि पिवळ्या पाटीकडे नीट पाहा. शोरूमने दिलेला साधा नंबर असेल तर पुढचं वाचू नका. गाडी विका, चहा टाका, सुखाने झोपा. पण पाटीवर तुमचं अर्धमुर्धं आडनाव, सौभाग्यवतींची जन्मतारीख किंवा कुलदैवताचं नाव दिसत असेल आणि त्यासाठी तुम्ही कधीतरी पाउंड मोजले असतील, तर बसा. पाणी घ्या. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत.

हे मार्गदर्शन ब्रिटनमधल्या मराठी वाहनधारकांसाठी आहे. आपण ज्या मुलखातून आलो तिथे इंग्रजी ४१४१ ची शेपटी जरा ओढली की 'दादा' होतो आणि ४९१२ नीट रंगवला की 'पवार' वाचता येतं. ही विद्या विमानातून आपल्याबरोबर येते. हीथ्रोला कस्टमवाले पेढे अडवतात, हौस अडवत नाहीत. मग हॅरोत किंवा स्लाऊमध्ये घर होतं, घरापुढे गाडी उभी राहते आणि एखाद्या रिकाम्या शनिवारी माणूस 'नुसतं बघू या' म्हणत खास नंबरांची यादी उघडतो. घेताना काही अडत नाही, कार्ड चालतं. अडतं ते काही वर्षांनी. गाडीला साडेतीन हजार येतायत आणि नंबराला त्याहून जास्त, हे तेव्हा कळतं.

घाबरू नका. खाली दिलेल्या पायऱ्या जशाच्या तशा पाळा.

१. नंबर तुमचा नाही, हे आधी पचवा

हा कडू डोस आहे, पण उपचार इथूनच सुरू होतो. ब्रिटनमधले सगळे नंबर सरकारचे. तुम्ही विकत घेतलात तो नंबर नव्हे, तो पाटीवर लावण्याचा हक्क. आता म्हणाल, निदान गाडी तरी माझी ना? घरातलं लॉगबुक काढून वाचा. व्ही फाइव्ह सी म्हणतात ते. हे कागदपत्र मालकीचा पुरावा नाही, असं त्याच्यावरच छापलेलं आहे. त्यात तुमची नोंद मालक म्हणून नाही, 'रजिस्टर्ड कीपर' म्हणून आहे.

म्हणजे गाडीची मालकी या कागदाने सिद्ध होत नाही आणि नंबराची मालकी कशानेच होत नाही. निःसंशय तुमचं असं एकच, इन्शुरन्सचा हप्ता. बरं वाटत नसेल तर थोडा वेळ थांबा. मग पुढच्या पायरीवर या.

२. आपण एकटे वेडे नाही, याची खात्री करून घ्या

तुम्हाला लाज वाटत असेल. वाटू देऊ नका. या वेडाला इथे खानदानी परंपरा आहे. १९०३ च्या मोटार कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीवर नंबर सक्तीचा झाला. लंडनचा 'ए १' मिळावा म्हणून अर्ल रसेल नावाचे उमराव रात्रभर कचेरीबाहेर तिष्ठत राहिले, असं सांगतात. हे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू. एका भावाने पुढे गणिताचा पाया शोधला, दुसऱ्याला नुसता एक आकडा पुरला. कोणाला जास्त समाधान मिळालं ते सांगता येत नाही.

पुढे सरकारला उशिरा का होईना अक्कल आली. लोक एवढे रांगा लावतात तर फुकट का द्या? १९८९ पासून वाहन नोंदणी खातं, म्हणजे स्वॉन्सीचं डीव्हीएलए, खास नंबर स्वतःच विकू लागलं. लिलाव होऊ लागले. २०१४ मध्ये '२५ ओ' हा नंबर सगळे कर आणि आकार धरून ५ लाख १८ हजार पाउंडांवर गेला. त्या वेळच्या भावाने पाच कोटी रुपयांच्या आसपास. तो घेतला कशाला? फेरारी २५० वर लावायला. २५ आणि ओ, लांबून पाहिलं तर २५०. गाडीवर गाडीचंच नाव लिहायला पाच कोटी!

आपल्या लोकांनीही मान खाली जाऊ दिलेली नाही. २०१५ मध्ये 'के आर १५ एच एन ए' हा नंबर २ लाख ३३ हजार पाउंडांना गेल्याची नोंद आहे. यातला १ हा आय समजायचा आणि ५ हा एस. वाचा आता. हो, कृष्ण. गीता सांगितली त्याने, हिशेब ठेवला स्वॉन्सीने.

आणि हे गोऱ्यांचंच खूळ आहे असं समजून मुंबईतल्या मेहुण्याला हसू नका. मुंबई-पुण्यात चारचाकीच्या ०००१ चा सरकारी भाव ऑगस्ट २०२४ मध्ये चार लाखांवरून सहा लाखांवर गेला. खास नंबर बायको-मुलांच्या नावावर करायची सोयही त्याच वेळी झाली. तिकडे नंबर आता वारशात धरला जातो. इकडे केव्हापासूनच धरला जातो.

३. क्रम पाठ करा: आधी नंबर, मग गाडी

या संपूर्ण मार्गदर्शनात एकच ओळ लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या. नंबर गाडीला चिकटलेला असतो, तुम्हाला नाही. नंबर न काढता गाडी विकली की तो हक्क गाडीबरोबर नव्या माणसाकडे जातो. भंगारात दिली तर भंगाराबरोबर जातो. मागाहून फोन करून 'अहो, त्यात आमच्या आजोबांचं नाव आहे हो' म्हटलंत तर समोरचा सहानुभूतीने ऐकून घेईल आणि भाव सांगेल.

नवशिक्यांची हमखास चूक अशी. जुनी गाडी देऊन नवी घ्यायला माणूस शोरूममध्ये जातो. सेल्समन कॉफी देतो. नव्या गाडीच्या सीटा तापतात, काच आपोआप पुसली जाते, बायको म्हणते, 'हाच रंग.' या धुंदीत तीन-चार सह्या होतात आणि जुनी गाडी तिथेच सोडून कुटुंब घरी येतं. रात्री जेवताना धाकटा विचारतो, 'बाबा, आपला नंबर?' घास तिथेच थांबतो.

हे टाळायचं असेल तर शोरूमच्या काचेच्या दाराला हात लावण्याआधी सेल्समनला पहिलं वाक्य हे ऐकवा: 'नंबर माझ्याकडे राहणार.' तो म्हणेल, 'काळजी करू नका, आम्ही सगळं बघतो.' या वाक्यानंतर काळजी करायला सुरुवात करा. बरेच विक्रेते हे काम खरोखर नीट करून देतात. पण नंबर सुटल्याचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नका. खाजगी गिऱ्हाईक असेल तर नवं लॉगबुक घरी पडेपर्यंत गाडी देऊ नका. गिऱ्हाईक घाई करेल. त्याला बसवा, पोहे द्या, घाई उतरेल.

४. गाडी जिवंत आहे का, ते तपासा

नंबर काढून घेण्यासाठी गाडीने काही अटी पूर्ण कराव्या लागतात. ती स्वतःच्या ताकदीवर हलली पाहिजे, ढकलून नव्हे. ती एमओटी किंवा ट्रकची चाचणी लागते अशा जातीची हवी. म्हणजे नंबर ट्रॅक्टरवर लपवून ठेवायची योजना असेल तर सोडून द्या. ऊसवाल्यांनी नोंद घ्यावी. गेली पाच वर्षं तिचा सलग रोड टॅक्स भरलेला हवा, नाहीतर 'गाडी रस्त्यावर नाही' असं रीतसर कळवलेलं हवं. आणि खात्याला वाटलं तर ती तपासणीसाठी दाखवता आली पाहिजे.

थोडक्यात, दोन वर्षांपूर्वी मित्राच्या शेडमध्ये ठेवलेली आणि आता जिच्या बॉनेटमध्ये खार राहते ती गाडी आधी सुरू करा. तीनशे पाउंडांची दुरुस्ती नऊशे पाउंडांच्या गाडीवर करताना हात थरथरेल. थरथरू द्या. तुम्ही गाडी वाचवत नाही आहात, नंबर वाचवत आहात. नंबर सुटला की गाडी पुन्हा मेली तरी चालेल.

५. ८० पाउंड भरा, पण सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये नको

अर्ज पोस्टाने करता येतो (व्ही ३१७ नावाचा फॉर्म) किंवा ऑनलाइन. फी दोन्हीकडे ८० पाउंड. ऑनलाइन अर्ज सोपा आहे, आणि गोची तिथेच होते. सगळं जुळलं तर नंबर त्याच क्षणी सुटतो. म्हणजे तुम्ही शेवटचं बटण दाबलंत की गाडीवर जी पाटी आहे तो आता त्या गाडीचा नंबर नाही. गाडी तीच, तुम्ही तेच, पाटी मात्र खोटी.

म्हणून हा अर्ज करताना गाडी घराच्या दारात असावी. टेस्कोच्या आवारात, बायको आत कोथिंबीर शोधते आहे तोवर 'एक काम उरकतो' म्हणून मोबाइल काढाल तर घरी बसने जावं लागेल. कोथिंबिरीसह. नवी पाटी लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. पाटी करून देणारा नोंदणीकृत विक्रेता तुमचं ओळखपत्र आणि नंबरावरच्या हक्काचा कागद दोन्ही मागतो. कोपऱ्यावरचा पेंटर 'दादा' काढून द्यायचा ते दिवस विसरा.

६. गाडीच्या चेहऱ्याकडे पाहू नका

नंबर काढला की गाडीला बहुतेक वेळा तिचा मूळचा, शोरूममधून निघताना मिळालेला नंबर परत मिळतो. माहेरचं आडनाव पुन्हा लावावं तसा. लॉगबुक नवं येतं. टॅक्स आणि एमओटीची नोंद आपोआप त्या नंबरावर सरकते. गाडीला याचं काही वाटत नाही. शेजाऱ्यांना वाटतं.

विशेषतः तुमची गाडी दिसते त्याहून बरीच म्हातारी असेल, तर. खास नंबराचा एक उपयोग कोणी मोठ्याने सांगत नाही: त्यावरून गाडीचं वय कळत नाही. इथला साधा नंबर मात्र चुगलखोर. मधले दोन आकडे वय सांगतात: १५ म्हणजे मार्च ते ऑगस्ट २०१५, ६५ म्हणजे त्याच्या पुढचे सहा महिने. मूळ पाटी लागली आणि मधे ०९ दिसला की समोरच्या बाईंना कळतं, तुम्ही मंडळाच्या गणपतीला ज्या गाडीतून इतक्या थाटात उतरत होतात ती २००९ ची होती. त्या काही बोलणार नाहीत. 'गाडी छान ठेवलीत हो,' एवढंच म्हणतील. हे तुम्हाला सोसावं लागेल. त्यावर फॉर्म नाही.

७. ज्याला त्याला कळवा

इन्शुरन्स कंपनीला कळवा. तुमच्या दृष्टीने नंबर बदलला आहे, त्यांच्या संगणकाच्या दृष्टीने एक गाडी नाहीशी झाली आणि दुसरी अनोळखी गाडी तुमच्या दारात उभी आहे. कौन्सिलच्या पार्किंग परमिटवर नंबर बदला. डार्टफर्डच्या खाडीपुलाचं खातं असेल तर तिथे बदला. लंडनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून यूलेझचं क्षेत्र सगळ्या बरोंमध्ये पसरलं आहे. जुनी डिझेल असेल तर दिवसाचे साडेबारा पाउंड कापले जातात, आणि कापले जातात ते नंबर बघून. जुनाच नंबर आपोआप पैसे भरण्याच्या खात्यात ठेवलात तर नव्या नंबराने केलेल्या फेऱ्यांचा दंड पोस्टाने येतो. पत्रावर गाडीचा फोटो असतो. फोटो चांगला येतो.

८. दरम्यान नंबर कुठे ठेवायचा?

इथे मार्गदर्शनाचा खरा कस आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

सरळ मार्ग असा. गाडीवरून काढलेला नंबर एका कागदावर राहतो. या कागदाचं नाव व्ही ७७८. तो दहा वर्षं चालतो आणि मुदत संपण्याआधी फुकटात वाढवून मिळतो. आता तुमच्याकडे गाडी नाही, पाटी नाही, पण गाडीचा नंबर आहे, कपाटात, पासपोर्टाच्या शेजारी. दहा वर्षांत एकदाही तो कोणी पाहिला नाही तरी तो तुमच्याकडे आहे ही भावना दर रात्री फुकट मिळते.

पण हाडाच्या नंबरवाल्याला एवढ्यावर चैन पडत नाही. नंबर ड्रॉवरमध्ये पडून आहे, रस्त्यावर कोणी वाचत नाही, हे त्याला बघवत नाही. पूर्वी तर कागदावर ठेवायची मुदत कमी होती आणि वर पैसे पडत. मार्च २०१५ पासून मुदत दहा वर्षांची झाली आणि ते जादा पैसेही गेले. तरी जुन्या माणसांची सवय जात नाही. ते नंबर एखाद्या खटाऱ्यावर चढवून ठेवतात. या खटाऱ्याला जाणकार 'डोनर' म्हणतात. नंबर नव्या गाडीवर जाईपर्यंत तो अंगावर वागवायचा, एवढंच त्याचं काम.

डोनर कसा पाळावा, याची कृती देतो. सहाशे पाउंडांची, कोणालाही नको असलेली छोटी गाडी किंवा मोपेड घ्या. तिला चालू ठेवा. वर्षाला एमओटी करा, गाडीसाठी सरकारने ठरवलेली कमाल फी ५४ पाउंड ८५ पेन्स. टॅक्स भरा. विमा काढा. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी गल्लीत एक फेरी मारा. मुलांना सांगा, ही तुमच्या नंबराची गाडी आहे, शिवू नका. पुढच्या वर्षी हिशेब कराल तेव्हा दिसेल की फुकट कागदावर राहू शकणारा नंबर सांभाळायला शेकडो पाउंड गेले. या ठिकाणी बायकोला हिशेबाची वही दाखवू नका. अनुभवी लोक वही ठेवतच नाहीत.

डोनरचा एक फायदा मात्र मान्य करावाच लागतो. जुनाट मोपेडवर भारी नंबर पाहिला की माणसं वळून बघतात. त्यांना वाटतं, हा कोणीतरी फार श्रीमंत माणूस असणार.

९. नवी गाडी घेताना नंबराला विचारा

आता तुम्ही नवी गाडी बघणार. रंग, इंजिन, बूट हे सगळं नंतर. आधी नंबर चालतो का बघा. नियम असा आहे की नंबरामुळे गाडी आहे त्याहून तरुण दिसता कामा नये. म्हातारी दिसली तर सरकारची हरकत नाही. पासष्ट आकड्याचा नंबर २०१० च्या गाडीवर लागत नाही. सव्वादोन कोटींचा कृष्णसुद्धा मार्च २०१५ च्या आधीच्या गाडीवर बसू शकत नाही, मग ती कितीही भारी मर्सिडीज असो. द्वापरयुगातला म्हणून सवलत नाही.

याचा व्यावहारिक परिणाम ऐका. जिथे पूर्वी तुम्ही पाच हजारांची जुनी गाडी घेऊन मोकळे झाला असतात तिथे आता नंबराच्या वयाला शोभेल अशी बारा हजारांची घ्यावी लागते. गाडीसाठी नंबर घेतलात तेव्हा कुठे कल्पना होती की पुढे नंबरासाठी गाडी घ्याल? आता आलीच ती वेळ.

अजून नंबर घेतलाच नसेल आणि केवळ कुतूहलाने इथवर वाचत आला असाल तर दोन शब्द. चालू पद्धतीच्या नंबरात सात जागा असतात: दोन अक्षरं, दोन आकडे, तीन अक्षरं. आय आणि क्यू ही अक्षरं त्यात येतच नाहीत, म्हणून सगळी मदार आकड्यांवर. १ चा आय करायचा, ५ चा एस, ० चा ओ. त्यातही आकडे गाडीच्या सालाचे किंवा त्याआधीचे हवेत. या साच्यात शिरायला आडनाव छोटं आणि नशीब मोठं लागतं. साने, राणे, काळे यांनी जुन्या-नव्या सगळ्या पद्धतींत प्रयत्न करून बघावा. सहस्रबुद्ध्यांनी बसचा पास काढावा.

१०. पाटी करताना ३३ मिलिमीटर विसरू नका

नंबर मिळाला, गाडी मिळाली, आता पाटी. इथे अनेकांचा पाय घसरतो. पाटीवरच्या प्रत्येक अक्षराची उंची ७९ मिलिमीटर, दोन अक्षरांमधली फट ११ मिलिमीटर आणि दोन गटांमधली ३३ मिलिमीटर, असं सगळं ठरलेलं आहे. अक्षराचं वळणही सरकारीच. ही फट कमी करून किंवा काळ्या स्क्रूने आकड्याचं अक्षर करून नाव जुळवलंत तर हजार पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो, एमओटीत गाडी नापास होऊ शकते आणि खातं नंबर परतही घेऊ शकतं.

म्हणजे कृष्णाचं कसं होतं बघा. के आर १५, मग ३३ मिलिमीटर मोकळे, मग एच एन ए. क्रिस... ह्ना. सव्वादोन लाखांहून जास्त पाउंड देऊन जे नाव घेतलं ते सलग वाचायला कायद्याची परवानगी नाही. रस्त्यावरच्या माणसाने ते मनातल्या मनात जोडून घ्यायचं. तुमचंही आडनाव असंच दोन तुकड्यांत फिरणार. कोणी विचारलं तर सांगा. कोणी विचारलं नाही तर पार्किंगमध्ये गाडीजवळ थोडं रेंगाळा, कधीतरी विचारतील.

११. अपघात, चोरी आणि वारस

अपघात झाला आणि विमा कंपनीने गाडी निकालात काढली, तर तुमच्या जिवाची चौकशी करणाऱ्या नातेवाइकांना नम्रपणे थांबवा आणि आधी कंपनीला फोन करा. भरपाईचा व्यवहार पुरा होऊन गाडी त्यांची होण्याआधी नंबर काढून घ्यायचा असतो आणि त्यासाठी कंपनीचं 'आम्हाला या नंबरात रस नाही' असं पत्र लागतं. हे पत्र मागताना आवाज दुःखी ठेवा. गाडी चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार करा आणि थांबा. काही महिने गाडी सापडली नाही तर नंबर परत मागता येतो, पण चोरीच्या वेळी टॅक्स आणि एमओटी चालू असायला हवेत. चोराने डोनर पळवला असेल तर हे सगळं खटाऱ्यासाठी नाही, त्याच्या पाटीसाठी करायचं आहे, हे पोलिसांना शांतपणे समजावून सांगा. ते लिहून घेतात.

वारसाचं मात्र आजच ठरवा. व्ही ७७८ च्या कागदावर एका नॉमिनीचं नाव घालता येतं, म्हणजे नंबर त्याच्या नावावरच्या गाडीवर चढवता येतो. एकच नाव. दोन मुलं असतील तर दोघांना बसवून बोला, आणि त्याआधी मोठी सुरी आत ठेवा. मृत्युपत्रात घराखाली, दागिन्यांखाली नंबराची ओळ घाला. कर मोजणारे त्याला मालमत्ता धरतात, मग तुम्हीही धरा. धाकट्याला नंबर हवा आहे की नाही हे विचारलंत का? तो म्हणेल, 'बाबा, मी सायकलने जातो.' त्याचं ऐकू नका, नाव घाला.

१२. आता उठा

एवढं सगळं करायचं तर लॉगबुक हवं, कारण त्यावरच्या क्रमांकाशिवाय अर्जाचं पहिलं पानही पुढे सरकत नाही. बहुतेकांचं लॉगबुक त्या विकायच्या गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्येच असतं. खरं तर ते तिथे अजिबात ठेवू नये. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आत बाहेर जा आणि ते काढून आणा. सापडलं नाही तर दुसरं मागवता येतं. त्याचे २५ पाउंड वेगळे.